दुसऱ्यांदा विचारेपर्यंत

मी डायलिसिसला नको म्हटलं, ते पंगतीत दुसऱ्या जिलबीला नको म्हणतात तसं. कोणाही शहाण्या माणसाला हे कळावं अशी माझी समजूत होती. डॉक्टर फ्रेझरना ते कळलं नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी मात्र मला त्यांचा इतका राग आला की निघताना मी त्यांचा नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

माझ्या किडन्या गेली काही वर्षं हळूहळू दगा देत होत्या. या हिवाळ्यात स्पेशालिस्टने सांगून टाकलं की आता फार काळ ओढता येणार नाही. पुढे काय करायचं ते तुमच्या फॅमिली डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. मिसिसागात आमच्या घराजवळ एक प्लाझा आहे. तिथे पिझ्झाच्या दुकानाला लागून पाच-सहा डॉक्टरांनी मिळून क्लिनिक चालवलंय, फ्रेझर त्यांतल्याच एक. या लोकांची एक पद्धत आहे. निर्णय मोठा असला की पेशंटला वेगळी, लांबलचक अपॉइंटमेंट देतात, सगळे पर्याय समजावतात, आणि ठरवायचं पेशंटवर सोडतात. डॉक्टर शेजारी बसणार, हवं ते सांगणार, पण आपलं मत पुढे रेटणार नाहीत. माझे यजमान राजन यांची बायपास झाली तेव्हा आम्ही एडमंटनला होतो. तिथल्या सर्जनने दारात उभ्याउभ्या 'मंगळवारी करू' म्हणून सांगितलं आणि आम्ही दोघांनी मान डोलावली होती. त्यामुळे मला या नव्या पद्धतीचं कौतुकही वाटलं आणि थोडी धास्तीही.

त्या भेटीला मला रुचाने नेलं. रुचा माझी सून, मी तिच्या आणि मुलाच्या घरीच राहते. मुलगा, जयदीप, ऑफिसच्या कामासाठी व्हँकुव्हरला गेला होता. डॉक्टर फ्रेझर चाळिशीच्या, मऊ बोलणाऱ्या बाई. त्यांनी घाई म्हणून केली नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं म्हणजे काय, दिवसाआड जाणं-येणं, नंतरचा थकवा, हे त्यांनी सांगितलं. मग दुसरा पर्याय : पोटात एक नळी बसवून घ्यायची आणि घरीच, रात्री झोपेत, लहानशा मशीनकडून काम करून घ्यायचं. त्याला घरातलं कोणीतरी मदतीला लागतं, आणि औषधी पाण्याची खोकी ठेवायला जागा लागते. तिसरा पर्याय म्हणजे डायलिसिस करायचंच नाही. औषधांनी त्रास आटोक्यात ठेवायचा आणि उरलेले दिवस घरी शांतपणे काढायचे. तुमच्या वयाची बरीच माणसं हेही निवडतात आणि त्यात काही चूक नाही, असं त्या म्हणाल्या. मी सत्त्याहत्तरची आहे.

मला घरचं मशीन हवं होतं. त्या सांगत होत्या तेव्हाच माझं ठरलं होतं. मनातल्या मनात मी बेसमेंटमध्ये खोकी रचली, पलंगाशेजारची खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि तिच्या जागी मशीन ठेवूनही झालं.

मग त्यांनी विचारलं, "सुहासिनी, व्हॉट मॅटर्स मोस्ट टु यू?"

मी रुचाकडे पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. रोज रात्री हिने माझी नळी जोडायची, सकाळी सोडवायची, ती जड खोकी उचलायची आणि मग लॅपटॉप उघडून कामाला बसायचं. तिच्यासमोर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की हो, मला हे सगळं हवंय?

"आय डोन्ट वॉन्ट टु ट्रबल एनीबडी," मी म्हणाले. "ॲट माय एज, व्हॉट इज द नीड? नो, नो. इट्स फाइन."

आणि मी थांबले.

आपल्या बोलण्यात या ठिकाणी एक थांबा असतो. त्या थांब्यावर समोरचा म्हणतो, 'अहो, असं कसं? घ्यायलाच पाहिजे.' आपण आणखी एकदा आढेवेढे घेतो. तो आणखी एकदा आग्रह करतो. मग आपण 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणतो आणि ताट पुढे करतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्या नागपूरकडे हावरट म्हणत, आणि पहिल्याच नकाराला पातेलं उचलून आत नेणाऱ्याला कंजूष.

डॉक्टर फ्रेझरनी माझ्या हातावर हात ठेवला. "थँक यू फॉर टेलिंग मी," त्या म्हणाल्या. "दॅट्स अ व्हेरी क्लिअर आन्सर."

आणि पातेलं आत गेलं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही या देशात जवळजवळ पन्नास वर्षं राहिलात, तुम्हाला एवढं माहीत नव्हतं? होतं की. एडमंटनच्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या डोरीनने मला कॉफी विचारली होती. मी नो थँक यू म्हटलं, तिने स्वतःपुरती कॉफी केली आणि माझ्यासमोर बसून सावकाश प्यायली. बाहेर उणे तीस, मी कोट न काढता बसलेली, आणि त्या कपातून येणारी वाफ मी नुसती बघत होते. घरी येऊन राजनना सांगितलं तर ते पोट धरून हसले. त्या दिवसापासून कॉफी, केक, गाडीतून घरी सोडणं, सगळ्याला पहिल्या फटक्यात येस म्हणायला मी शिकले. पण ती कॉफीची गोष्ट. आयुष्य हवंय का, असं मला याआधी कोणी विचारलंच नव्हतं. त्याचं उत्तर मी इंग्रजीत दिलं खरं, पण वागले नागपूरसारखी.

गाडीत रुचा एवढंच म्हणाली की विंटर टायर्स काढायला हवेत.

जयदीप परत आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. तो माझ्यासमोर स्टूलवर बसला. प्रवासाने चेहरा उतरला होता. "आई, रुचाने सांगितलं मला," तो म्हणाला. "इट्स युअर डिसिजन. आय रिस्पेक्ट इट. मी तुला अजिबात प्रेशर करणार नाही."

कर की रे प्रेशर, मी मनात म्हटलं. लहानपणी ऊन पडलं तरी टोपी घालायला लावली म्हणून भांडणारा पोरगा तू. सेकंडहँड गाडी घेऊन द्यावी म्हणून बापाच्या मागे महिनाभर भुणभुण केलीस. आईच्या वेळी बरा समजूतदार झालास. पण तोंडाने मी म्हणाले, "हात धू आणि थोडे मटार सोल." त्याने सोलले. आम्ही दोघं बराच वेळ ते वाडगं भरत बसलो आणि त्याने एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, विषय संपला म्हणून याला हायसं वाटलं असेल. फार वाईट वाटलं मला. पोटच्या पोरानेही एवढ्यात सोडून दिलं, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. आवाज तरुण मुलीचा, अतिशय गोड. ती पॅलिएटिव्ह केअरकडून, म्हणजे शेवटच्या दिवसांतला त्रास कमी करणाऱ्या लोकांकडून बोलत होती. डॉक्टर फ्रेझरनी तिला माझं नाव दिलं होतं. मला कोणता त्रास होऊ द्यायचा नाही हे तिला माझ्याकडूनच समजून घ्यायचं होतं, आणि शेवटी शेवटी मला घरी राहायला आवडेल की हॉस्पिसमध्ये, त्यांच्या शुश्रूषागृहात, हेही. मी म्हणाले, होम, प्लीज. ती म्हणाली, वंडरफुल. मी तिचे आभार मानून फोन ठेवला.

मग मी पलंगावर बसले. मी जिलबीला नको म्हटलं होतं आणि ही मंडळी माझ्या तेराव्याच्या तयारीला लागली होती. तीही किती अदबीने. कोणी वाईट वागलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. इथे प्रत्येक जण माझ्या शब्दाला मान देत होता, आणि तो शब्द मी खरा मानला जावा म्हणून उच्चारलाच नव्हता.

फोन करून सांगायचं होतं की, बाई, माझं हो आहे म्हणून. सोपं होतं. क्लिनिकचा नंबर फ्रिजवरच्या मॅग्नेटवर आहे. पण मी फोन उचलला नाही. त्यामागे दुसरं काही नाही, हट्ट होता. मला कोणीतरी आग्रह करायला हवा होता. मी राहावं असं कोणाला तरी इतकं वाटायला हवं होतं की त्याने माझं ऐकू नये. मीच फोन करून मागितलं तर ते मिळालं असतं, पण मग मला कधीच कळलं नसतं की मी या घरात हवी आहे की नुसती चालते आहे.

त्याच आठवड्यात एका दुपारी रुचा माझ्या खोलीच्या दारात आली. कपड्यांची घडी करायच्या निमित्ताने. माझं एक पातळ हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही त्या दिवशी… म्हणजे तुम्हाला खरंच नको होतं, की…"

तिने वाक्य पुरं केलं नाही. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "खरंच. डॉक्टरांना सांगितलं ना मी."

ती मान हलवून गेली. तिने दार हळूच ओढून घेतलं. अर्धवट विचारण्याला हो म्हणणारी बाई मी नव्हे, असा माझा तेव्हा तोरा होता. त्या तोऱ्यात मी रात्री भात जेवले नाही. भूक तशीही मेलीच होती.

क्लिनिकच्या पद्धतीत आणखी एक पायरी होती, ती मला माहीत नव्हती. पेशंटने निर्णय घेतला तरी ते लगेच शिक्कामोर्तब करत नाहीत. काही दिवस जाऊ देतात आणि घरच्यांसह पुन्हा एकदा बोलावतात. एप्रिलमध्ये आम्ही तिघं गेलो. प्लाझाच्या पार्किंगच्या कडेला अजून काळवंडलेल्या बर्फाचा ढीग होता. जयदीपने माझा दंड धरला होता, जरा जास्तच घट्ट.

खोलीत चौघं बसलो. डॉक्टर फ्रेझरनी सगळ्यांची विचारपूस केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की, मी सगळं नीट समजावलंय की नाही हे मला तपासायचंय. तेव्हा तुम्ही काय ठरवलंय आणि त्यानंतर काय होणार, हे तुमच्या शब्दांत मला सांगा. परीक्षा नाही ही, त्या म्हणाल्या, मी प्रत्येकाला असं विचारते. "आणि तुम्ही ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत सांगितलंत तरी चालेल. जयदीप मला सांगेल."

मला बरं वाटलं. इंग्रजीत मला नुसतं नीट वागता येतं, मनातलं बोलता येत नाही. मी पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

"माझ्या किडन्या संपत आल्यात," मी म्हणाले.

"हर किडनीज आर ऑलमोस्ट डन," जयदीप म्हणाला.

"मी डायलिसिस करून घेणार नाही."

त्याने तेही सांगितलं. आवाज सपाट होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो तसा.

"मग हळूहळू भूक जाईल. अंगाला खाज सुटेल, त्याला औषध देतील. झोप वाढत जाईल."

त्याने सांगितलं. मध्ये एकदा अडखळला, खाजेला शब्द सापडेना म्हणून. रुचाने पुरवला.

"आणि मग काही महिन्यांत, कदाचित थंडीच्या आत, मी मरेन."

जयदीप बोलला नाही. डॉक्टर वाट बघत होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण वाक्य कशाचं आहे ते कळलं असावं.

"सांग ना त्यांना," मी म्हणाले.

तो समोरच्या सिंककडे बघत होता. ओठ मिटलेले, आणि हनुवटी थरथरत होती. वडील गेले तेव्हाही हा माझ्यासमोर रडला नव्हता, बाहेर गाडी पुसायला गेला होता. "आय कान्ट," तो म्हणाला. "मी हे नाही बोलू शकत, आई."

रुचाने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर फ्रेझर पुढे झुकून बसल्या होत्या, पण त्यांनीही तो थांबा भरून काढला नाही. मी पहिल्या भेटीत सोडला होता तोच थांबा, आणि आता तर तिघं जण माझ्यासमोर होते. माझ्या लक्षात आलं की यांच्यातलं कोणीही आग्रह करणार नाहीये. माझ्यावर माया नाही म्हणून नव्हे. मी नको म्हटलं ते त्यांनी खरं मानलं होतं, आणि ते खरं मानून हा पोरगा असा आतल्या आत फाटत चालला होता. मी मात्र ताट पुढे करायची वाट बघत बसले होते.

"मला मरायचं नाहीये," मी म्हणाले.

जयदीपने एकदम माझ्याकडे पाहिलं.

"मला ते घरचं मशीन हवंय. रुचाला त्रास होईल, माहीत आहे मला. तरी हवंय." आणि हे दुसऱ्या कोणी सांगण्याची मी वाट पाहिली नाही. डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "आय वॉन्ट इट. द मशीन ॲट होम. आय वॉन्ट टु लिव्ह."

बोलले आणि मला लाज वाटली. खरंच वाटली, कान गरम झाले. भर पंगतीत उभं राहून आणखी वाढा म्हणून ओरडल्यासारखं.

डॉक्टर फ्रेझरनी विचारलं की काय बदललं. मी म्हटलं, काहीच नाही, मला त्या दिवशीही हवंच होतं. मग नो का म्हणालात? आता हे त्यांना कसं सांगावं? मी म्हटलं, आमच्यात पहिल्यांदा नो म्हणायचं असतं. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून मी थांबले होते. तुम्ही थँक यू म्हणालात.

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, पुन्हा विचारलं तर मी तुमच्यावर दबाव आणतेय," त्या म्हणाल्या. "मीच या दोघांना फोन करून सांगितलं होतं की तिला गळ घालू नका, निर्णय तिचा तिला घेऊ दे. आय ॲम सॉरी." त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सॉरी नुसतं रिवाजाचं नव्हतं. मग त्या रुचाकडे वळल्या आणि तिलाही विचारलं की तुला काय वाटतं, खरं सांग.

रुचाने खरं सांगितलं. ती म्हणाली, मला भीती वाटते. रोज रात्री माझ्या हातून ते नीट होईल की नाही, काही चुकलं तर आईंना इन्फेक्शन होईल, मला रक्त बघूनही चक्कर येते. त्या दिवशीही मी हाच विचार करत होते. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "मला नको नव्हतं, आई. मला जमेल का, एवढंच कळत नव्हतं."

रक्त कुठे दिसत नाही, पाणीच असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. नर्स घरी येऊन शिकवते, जमेपर्यंत येत राहते, आणि जयदीपलाही शिकवते. नाहीच जमलं तर आपण पुन्हा बसू, दुसरं काही ठरवू. नळी बसवायला कोणाकडे पाठवायचं ते त्यांनी लगेच फोनवरून ठरवलं. त्या गोड आवाजाच्या मुलीलाही त्याच कळवणार होत्या. तिला माझा नमस्कार सांगा, मी म्हटलं.

बाहेर आलो. गाडीत मी पुढे बसले, रुचा मागे. जयदीपने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो पिझ्झाच्या दुकानाकडे बघत बसला.

"आई, त्यांनी आज बोलावलंच नसतं तर? आम्ही कोणी काही बोललोच नसतो तर तू तशीच गेली असतीस?"

नाही रे, असं म्हणता आलं असतं. पण आज माझ्या तोंडाला खरं बोलायची सवय लागली होती.

"गेले असते," मी म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आणि मी लाइफभर हेच समजलो असतो की तुला आमच्याबरोबर राहायचं नव्हतं."

मागून रुचाचा रडण्याचा आवाज आला. सगळा विचार केला होता मी. खोक्यांचा, जागेचा, तिच्या झोपेचा. मी गेल्यावर हा पोरगा मनात काय घेऊन जगेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी त्याचा हात स्टिअरिंगवरून सोडवला आणि माझ्या मांडीवर घेतला. तो गार पडला होता.